मशागत, सेंद्रिय शेतीतील

मशागत, सेंद्रिय शेतीतील : पिकाच्या वाढीस अनुकूल अशी जमिनीची स्थिती निर्माण करण्यासाठी अवजारांच्या साहाय्याने जमिनीवर केल्या जाणाऱ्या यांत्रिक क्रियांना मशागत म्हणतात. पेरणीपूर्वी केलेली ती पूर्वमशागत आणि पीक उभे असताना केलेली ती आंतरमशागत होय. नांगरणी, ढेकळे फोडणे, वखरणी (कुळवणी), धसकटे वेचणे व जमीन सपाट करणे या क्रियांचा पहिल्या प्रकारात, तर कोळपणी, निंदणी, खुरपणी व मातीची भर देणे यांचा दुसऱ्या प्रकारात समावेश होतो. सेंद्रिय शेतीत कृत्रिम खते व रासायनिक तणनाशके वर्ज्य असल्यामुळे तणांचे नियंत्रण, शेणखत व हिरवळीचे खत मातीत मिसळणे आणि ओलावा टिकविणे ही तिन्ही कामे मुख्यतः मशागतीवर येऊन पडतात. परंतु माती हलविली की तिच्यात हवा खेळते, सूक्ष्मजीवांची क्रिया वाढते व ह्यूमसचे अपघटन वेगाने होते. त्यातून पिकाला नायट्रोजन मिळतो. मात्र जमिनीतील सेंद्रिय कर्बाचा साठा त्याच प्रमाणात कमी होतो. अशा रीतीने मशागत ही सेंद्रिय शेतीची गरज आहे आणि तिच्या भांडवलावर पडणारा खर्चही आहे. महाराष्ट्रातील मशागतीचा इतिहास हा या जमाखर्चाचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

पारंपरिक मशागत : नांगराचा वापर भारतात फार प्राचीन काळापासून होत आला आहे. राजस्थानातील कालिबंगा येथील उत्खननात हडप्पापूर्व काळातील नांगरलेले शेत उघडकीस आले असून त्यात एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या तासांच्या खुणा आहेत. महाराष्ट्रातील मशागतीचे स्वरूप मात्र केवळ नांगरावरून समजत नाही. दख्खनच्या पठारावरील काळी जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली असून तिच्यातील चिकणमाती भिजली की फुगते व वाळली की आकसते. उन्हाळ्यात या जमिनीला रुंद व खोल भेगा पडतात, वरच्या थरातील बारीक ढेकळे भेगांत पडतात आणि पावसाळ्यात माती फुगली की खालची माती वर ढकलली जाते. जमीन स्वतःच स्वतःला नांगरते, असे या क्रियेचे वर्णन केले जाते. त्यामुळे खोल काळ्या जमिनीत दरवर्षी नांगरणी करण्याची प्रथा नव्हती. काही वर्षांच्या अंतराने, विशेषतः हरळी, कुंदा यांसारखी खोल मुळांची तणे माजल्यावर, चार ते सहा बैलजोड्या जुंपून जड लाकडी नांगर चालवीत. एरवी दरवर्षीचे मुख्य अवजार वखर हेच होते.

वखर (देशावर कुळव) या अवजारात आडव्या लाकडी दिंडाला खाली दोन दांडे बसवून त्यांच्या टोकांना लोखंडी पात्याची फास (पास) जोडलेली असते. हे पाते जमिनीत सु. ५ ते ८ सेंमी. खोलीवर आडवे सरकते. ते तणांची मुळे कापते, वरचा थर मोकळा करते, परंतु माती उलथीत नाही. मोकळ्या झालेल्या थरामुळे केशाकर्षणाने वर येणारे पाणी तेथेच अडते व खालचा ओलावा टिकतो. कोळपे हे वखराचेच लहान रूप असून ते पिकाच्या दोन ओळींमधून सु. ३ ते ५ सेंमी. खोलीवर चालवितात. विदर्भात याच जातीच्या अवजारास डवरा म्हणतात. तिफण व पाभर यांनी समान अंतरावर ओळीत पेरणी होत असल्यामुळेच कोळपणी शक्य होते. पेरणी, कोळपणी व वखरणी ही म्हणून एकाच पद्धतीची परस्परावलंबी अंगे ठरतात. इंग्लंडमध्ये जेथ्रो टल यांनी अठराव्या शतकात ओळीतील पेरणी व घोड्याने ओढावयाचे कोळपे यांचा पुरस्कार केला आणि तो तेथे क्रांतिकारक मानला गेला. पिके मातीचे सूक्ष्म कण गिळतात, ही त्यांची कल्पना मात्र चुकीची होती.

मशागतीची वेळ हा या पद्धतीचा गाभा होता. जमिनीत पाणी व हवा यांचे योग्य प्रमाण असून ती अवजाराला चिकटत नाही व तिची कठीण ढेकळेही निघत नाहीत, अशा स्थितीस वाफसा म्हणतात. काळ्या जमिनीत ही स्थिती थोडेच दिवस टिकते. वाफसा येण्यापूर्वी अवजार घातल्यास माती दबते व तिची रचना बिघडते. तो निघून गेल्यावर घातल्यास बैल व अवजार दोन्ही थकतात. कृषिपराशर या संस्कृत ग्रंथातही नांगरणीच्या ऋतूला महत्त्व दिलेले असून हेमंत ऋतूतील नांगरणी श्रेष्ठ व ऐन पावसातील कनिष्ठ मानली आहे. महाराष्ट्रात रब्बीचे पीक निघाल्यानंतर जमिनीत थोडी ओल असतानाच नांगरणी करून ढेकळे उन्हाळाभर तापू देतात. त्यामुळे तणांच्या काशा व मुळे सुकतात, किडींचे कोष उघडे पडून पक्ष्यांच्या भक्ष्यस्थानी पडतात आणि वळवाचे पाणी जमिनीत मुरते.

डोंगराळ भागातील मशागत : १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या नासिक खंडात जिल्ह्याचे डांग व देश असे दोन भाग दिलेले आहेत. पश्चिमेकडील डोंगराळ, जास्त पावसाचा तो डांग व पूर्वेकडील सपाट, कमी पावसाचा तो देश. डांगात नाचणी, वरई व भात यांच्या रोपांसाठी राब भाजण्याची पद्धत होती. ठरावीक जागेवर शेण, झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत व माती यांचे थर देऊन ते पेटवीत. उष्णतेने तणांचे बी मरते, वरची माती भुसभुशीत होते व राखेतील पोषक द्रव्ये रोपांना मिळतात. म्हणजे नांगर, खुरपे व खत या तिघांचे काम अग्नीकडून करून घेतले जाते. मात्र यात जाळलेल्या काडीकचऱ्यातील बहुतेक कर्ब व नायट्रोजन हवेत निघून जातो आणि आसपासच्या वृक्षांची तोड होते. भातखाचरांत चिखलणी करून खालचा थर मुद्दाम घट्ट करतात. पाणी साचून राहण्यासाठी ते उपयुक्त असले, तरी भातानंतर हरभरा किंवा वाल घेताना तोच घट्ट थर मुळांना अडथळा होतो.

लोखंडी नांगराचे आगमन : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय शेतीच्या अवनतीची कारणे शोधण्याचे प्रयत्न सुरू झाले. महात्मा जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याचा असूड (१८८३) या ग्रंथात डोंगरावरील पालापाचोळा व मेलेल्या जीवजंतूंचे सत्त्व पावसाबरोबर वाहून जाते, याकडे लक्ष वेधले आणि ताली-बंधारे बांधून ते पाणी शेतात मुरविण्याची मागणी केली. जमिनीचा कस अवजाराने नव्हे, तर वाहून जाणारी माती व काडीकचरा अडविल्याने टिकतो, हा विचार त्यात स्पष्टपणे मांडलेला आहे. जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञांनी आपल्या १८९३ च्या अहवालात देशी शेतकऱ्यांच्या काळजीपूर्वक मशागतीची दखल घेऊन त्यांची अवजारे स्थानिक परिस्थितीला बऱ्याच अंशी अनुरूप असल्याचे मत दिले.

विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केले. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे आरंभी त्यांना गिऱ्हाईक मिळणे कठीण गेले. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविल्यानंतर या नांगरांचा प्रसार वाढत गेला. देशी नांगर माती फाडतो, तर लोखंडी नांगराचा पंखा ती उचलून उलथी करतो. हरळीने ग्रासलेल्या शेतात या अवजाराने मोठे काम केले आणि उसासारख्या बागायती पिकांसाठी ते आवश्यक ठरले. शेतकऱ्यांची जुनी शंका ज्या शब्दांत व्यक्त होत होती ते अशास्त्रीय होते. तथापि माती वारंवार उलथल्याने तिचा कस कमी होतो, हे पुढे मृदाविज्ञानाने वेगळ्या कारणमीमांसेने दाखवून दिले.

कोरडवाहू शेतीचे संशोधन : मुंबई इलाख्यातील कोरडवाहू शेतीच्या संशोधनास पुण्याजवळील मांजरी येथे १९२३ मध्ये प्रारंभ झाला आणि १९३३ मध्ये सोलापूर व विजापूर येथे केंद्रे स्थापन झाली. ना. वि. कानिटकर यांच्या या कार्यातून मुंबई कोरडवाहू शेती पद्धती निर्माण झाली. बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदाच खोल नांगरणी, पावसाळ्यात वखराच्या पाळ्या, शेणखताची मात्रा, कमी बियाणे, दोन ओळींत सु. ४५ सेंमी. अंतर आणि वारंवार कोळपणी ही तिची सूत्रे होत. नांगर दरवर्षी नव्हे तर तीन वर्षांतून एकदा, ही शिफारस म्हणजे परंपरेतील अनुभवाला प्रयोगाने मिळालेली पुष्टीच होती. बांधबंदिस्तीला १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियमाने कायद्याचा आधार मिळाला [→ कोरडवाहू शेती].

याच संशोधनक्षेत्रातील एक दोषही नमूद केला पाहिजे. रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात खरिपात जमीन पड ठेवून वखराच्या पाळ्या देत व ती उघडी राखीत. तणांचा बंदोबस्त होई. परंतु जोराच्या पावसात उघडी माती वाहून जाई. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या (इक्रिसॅट) खोल काळ्या जमिनीवरील दीर्घकालीन प्रयोगांत पावसाळी पड पद्धतीत दर हेक्टरी वर्षाला सु. ६ टन माती वाहून गेल्याचे, तर रुंद वरंबा-सरी पद्धतीत दोन्ही हंगामांत पीक घेतल्यास हे प्रमाण सु. १·५ टनापर्यंत खाली आल्याचे दिसून आले. यावरून केवळ उथळ मशागत पुरेशी नाही, जमीन झाकलेली असणेही तितकेच आवश्यक आहे, हे स्पष्ट होते.

इंदूर पद्धती : सेंद्रिय शेतीच्या आधुनिक विचाराचा एक उगम महाराष्ट्राच्या शेजारी, माळव्यातील काळ्या जमिनीवर आहे. सर ॲल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथील वनस्पती उद्योग संस्थेत काडीकचरा, शेण, मूत्राने भिजलेली माती व राख यांपासून कंपोस्ट बनविण्याची पद्धत विकसित केली. यशवंत वाड या सहकाऱ्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. ढीग दोन-तीनदा उलथून सु. तीन महिन्यांत खत तयार होते. मशागतीच्या दृष्टीने या पद्धतीचे महत्त्व विशेष आहे. कच्चा काडीकचरा जमिनीत गाडला, तर तो कुजविणारे सूक्ष्मजीव मातीतील नायट्रोजन वापरून टाकतात व पीक पिवळे पडते. कुजण्याची क्रिया शेताबाहेर पूर्ण केल्यास जमीन खोल उलथण्याचे एक मोठे कारणच उरत नाही. तयार खत वखराच्या पाळीने वरच्या थरात मिसळले तरी पुरते. उलथण्याचे काम अशा रीतीने शेतातून ढिगाकडे गेले [→ कंपोस्ट].

ट्रॅक्टर व खोल नांगरणी : स्वातंत्र्यानंतर अन्नधान्याच्या टंचाईमुळे पडीक जमिनी लागवडीखाली आणण्याची निकड निर्माण झाली. कांस या तणाने व्यापलेल्या मध्य भारतातील जमिनी केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने अवजड यंत्रांनी नांगरून काढल्या. या यंत्रसामग्रीसाठी जागतिक बँकेने १९४९ मध्ये १ कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. पुढे हरितक्रांतीच्या काळात ट्रॅक्टर खाजगी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला. पलटी नांगराने २० ते ३० सेंमी. खोल नांगरणी सोपी झाली व नंतर रोटाव्हेटरचा वापर वाढला. बैलांची संख्या घटत गेली आणि तिच्याबरोबर शेणखतही कमी झाले. म्हणजे सेंद्रिय पदार्थ खर्च करणारे साधन वाढले व त्यांची भरपाई करणारे साधन घटले. महाराष्ट्रातील बऱ्याच काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्बाचे प्रमाण ०·५ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी आढळते, त्यामागे हे एक कारण आहे. रोटाव्हेटरने माती फार बारीक होते, एकाच खोलीवर वारंवार फिरविल्यास खाली घट्ट थर तयार होतो आणि हरळी व लव्हाळा यांचे तुकडे शेतभर पसरतात.

नांगरणीविरोधी विचार : अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात नांगरलेल्या माळरानांवर धुळीची प्रचंड वादळे झाली. त्यानंतर १९४३ मध्ये एडवर्ड फॉकनर यांनी माती उलथणाऱ्या नांगरावरच आक्षेप घेणारे पुस्तक लिहिले. १९६० नंतर तणनाशके उपलब्ध झाल्यावर बिननांगरणीची शेती मोठ्या क्षेत्रावर शक्य झाली. परंतु ती रसायनांवर अवलंबून असल्यामुळे सेंद्रिय शेतीला जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. जपानमधील मासानोबू फुकुओका यांनी नांगरणी, खते व तणनाशके यांवाचून भात व बार्ली घेण्याची पद्धत दाखविली (ग्रंथ १९७५). तीत पेंढ्याचे आच्छादन व पांढरे क्लोव्हर यांवर भर होता.

महाराष्ट्रात श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून शेतकऱ्यांनाच प्रयोगशील बनविले आणि शेतातील काडीकचऱ्यापासून सुपीक माती घडविण्याचा विचार मांडला. विदर्भातील सुभाष पाळेकर यांच्या नैसर्गिक शेतीच्या चार सूत्रांपैकी आच्छादन व वाफसा ही दोन थेट मशागतीशी संबंधित आहेत. पेरणीसाठीचा वाफसा ही तात्पुरती स्थिती मानली जाई. येथे ती मुळांभोवती वर्षभर राखण्याचे उद्दिष्ट ठेवलेले आहे. रायगड जिल्ह्यातील नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राइस तंत्रात कायमच्या गादीवाफ्यांवर चिखलणीवाचून भात टोकतात व आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच राहू देतात. मूळ तंत्रात तणनाशकाचा वापर असल्यामुळे ते सेंद्रिय शेतीत मोडत नाही. मुळे न उपटण्याचे त्याचे तत्त्व मात्र सेंद्रिय शेतकऱ्यासही उपयोगी आहे.

सातपूर परिसर : नासिकच्या पश्चिमेस त्र्यंबकेश्वर रस्त्यावरील सातपूर हे डांग व देश यांच्या संधिप्रदेशातील मूळचे शेतीप्रधान गाव. १९६० नंतरच्या काळात येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहिली आणि १९८२ मध्ये सातपूरचा समावेश नासिक महानगरपालिकेत झाला. गावाची बरीचशी शेतजमीन कारखाने व वस्तीखाली गेली. शेतीचे क्षेत्र गंगापूर, महिरावणी, गिरणारे या बाजूंस राहिले. १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या गंगापूर धरणाचा आधार या भागाला मिळाला आणि भाजीपाला, टोमॅटो व द्राक्षे ही पिके वाढली.

या परिसरात काळ्या जमिनीबरोबरच मुरमावरील उथळ जमिनीही आहेत. त्यांत खोल नांगरणी केल्यास खालचा मुरूम वर येतो व सुपीक माती खाली जाते. म्हणून उथळ वखरणी व खताची भर हाच तेथील योग्य मार्ग ठरतो. द्राक्षबागांत प्रश्न निराळा आहे. लागवडीपूर्वी खोल चर घेऊन ते शेणखताने भरतात व नंतर वर्षानुवर्षे वेलींच्या मुळांजवळ नांगर घालता येत नाही. फवारणीच्या ट्रॅक्टरच्या वारंवार फेऱ्यांनी दोन ओळींमधील माती दबते व ती फोडण्यासाठी पुन्हा यंत्र घालावे लागते. दोन ओळींत ताग किंवा धैंचा पेरून तो फुलोऱ्यापूर्वी कापणे व वेलीखाली आच्छादन म्हणून पसरणे, हा उपाय माती न उलथता सेंद्रिय पदार्थ पुरवितो. कारखान्यांच्या वाढीचा मशागतीवर झालेला परिणाम केवळ क्षेत्रापुरता नाही. शहरालगत मजुरीचे दर वाढतात, निंदणीसाठी माणसे मिळत नाहीत आणि बैल बाळगणे परवडत नाही. सेंद्रिय शेतीच्या मशागतीचा भार ज्या दोन आधारांवर होता, तेच येथे प्रथम दुबळे झाले.

प्रचलित पद्धती व मर्यादा : सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम भारतात २००१ मध्ये अंमलात आला. प्रमाणित सेंद्रिय शेतीत नांगरणीस मनाई नाही. जमिनीची धूप व कसाची हानी टाळणारी मशागत मात्र अपेक्षित असते. प्रत्यक्षात पुढील पद्धती उपयुक्त ठरल्या आहेत : खोल नांगरणी दरवर्षी न करता हरळी, कुंदा किंवा हुमणी यांचा उपद्रव असेल तेव्हाच व त्या तुकड्यापुरती करणे, उतारास आडवी मशागत, पेरणीपूर्वी पहिल्या पावसाने उगवलेले तण वखराने मारून मगच पेरणी करणे, पहिली कोळपणी तण कोवळे असतानाच करणे, हिरवळीचे पीक सहा ते आठ आठवड्यांनी, तंतू जरठ होण्यापूर्वी, वरच्या थरात मिसळणे, आणि तूर, ज्वारी यांची धसकटे न उपटता जमिनीत कुजू देणे. यूरोपातील सेंद्रिय शेतीच्या प्रयोगांत उथळ मशागतीने वरच्या थरातील सेंद्रिय कर्ब व गांडुळे वाढतात, मात्र तणेही वाढतात व उत्पन्नात काहीशी घट होते, असे दिसून आले आहे.

नांगर व तणनाशक या दोहोंवाचून शेती करावयाची असल्यास जाड आच्छादन लागते आणि येथेच महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतकऱ्याची खरी अडचण आहे. ज्वारी-बाजरीचा कडबा व सरमड हा त्याच्या जनावरांचा चारा आहे. तो शेतात पसरला, तर जनावरे उपाशी राहतात. जनावरांना घातला, तर जमीन उघडी राहते. जनावरे ठेवल्यास शेणखत मिळते व वखर-कोळप्याला बैल मिळतात. न ठेवल्यास ट्रॅक्टर भाड्याने आणावा लागतो व तो वखराच्या खोलीवर थांबत नाही. आच्छादनाऐवजी निंदणीवर विसंबावे, तर ते काम बहुतांशी स्त्रियांच्या वाकलेल्या पाठीवर पडते. म्हणून बांधावरील गिरिपुष्पासारख्या झाडांचा पाला, सलग पिकात चवळी किंवा मटकीसारखे जमीन झाकणारे आंतरपीक, बैलांऐवजी चालविता येणारी हलकी सायकल-कोळपी आणि गावपातळीवर सामाईक बैलजोडी वा लहान यंत्र यांसारखे उपाय मशागतीच्या प्रश्नाचाच भाग ठरतात. किती खोल नांगरावे, याचे उत्तर अवजाराच्या निवडीत जितके आहे, तितकेच ते शेतात पालापाचोळा किती उरतो व गोठ्यात जनावरे किती आहेत, यावर अवलंबून आहे. काळ्या जमिनीवरील जुन्या शेतकऱ्याने नांगर काही वर्षांतून एकदा व वखर दरवर्षी, असा जो क्रम बांधला होता, त्यामागे हाच हिशेब होता. तो क्रम टिकविणारे शेणखत, बैल व मनुष्यबळ यांची नवी जोड घालणे, हे सेंद्रिय शेतीपुढील प्रमुख काम आहे.